वहिनींचं ग्राफिक्स कार्ड

बुटांच्या कारखान्यात सगळे त्यांना वहिनीच म्हणत. मालक त्यांचा धाकटा दीर, म्हणून कामगारांनीही तेच नाव उचललेलं. वाकडे, सुजलेले, लहानमोठे पाय घेऊन माणसं यायची, ती वहिनींच्या, बूट ज्यावर बेततात त्या साच्यांसाठी. मापं भरली की पडद्यावर साचा उभा राहील, असा प्रोग्राम त्यांनी रात्रंदिवस खपून लिहिला होता. तो फक्त लिनक्स या सिस्टिमवर चालायचा.

कॉम्प्युटरचं पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड जळलं आणि काम अडलं. मदरबोर्डमधल्या जुजबी ग्राफिक्सवर साचा फिरवायचा म्हणजे गोगलगायीला धावायला लावणं. दिराचा धीर सुटला.

"वहिनी, आज कार्ड लागलं तर ठीक. नाहीतर उद्या सगळ्यांकडे असते ती सिस्टिम टाकतो. साच्यांचं सॉफ्टवेअर तयार मिळतं."

"तयार सॉफ्टवेअरला तयार पाय लागतात, भाऊजी."

पण दीर शब्दाचा पक्का होता. वहिनींनी कॉम्प्युटरच उचलला, दिरालाही सोबत घेतलं आणि कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान गाठलं. खोक्यावरची जाहिरात वाचून त्या कधीच काही घेत नसत. आपल्या मशीनवर चालवून बघायचं, मगच घ्यायचं.

दुकानदाराने चकचकीत खोकं पुढे केलं. "ताई, परवाच बाजारात आलंय. पोरं तुटून पडतायत."

"माझी सिस्टिम ओळखेल याला?"

"कार्ड चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, वेगळा टाकायचा. पाच मिनिटांचं काम."

"आणि पुढच्या अपडेटला पडदा काळा झाला, की ती पाच मिनिटं तुम्ही येणार का? ज्याचा ड्रायव्हर सिस्टिममध्ये आधीच आहे, असं द्या. मागच्या पिढीचं."

"ते म्हातारं झालंय हो."

"मुरलेलं म्हणा."

वहिनींनी कार्ड स्वतः बसवलं, वायरी जोडल्या, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच.

"झालं?" दीर म्हणाला. "आता तरी ऐका."

पण वहिनींचे हात थांबले नाहीत. दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, नेटवर्कने, त्या आपल्या मशीनमध्ये शिरल्या. मशीन जागं होतं. कार्ड ओळखलेलं, ड्रायव्हर चालू, तक्रार एकही नाही.

"कार्ड चित्र काढतंय," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "मग दाखवतंय कुणाला?"

त्या उठून मशीनच्या मागे वाकल्या आणि कपाळावर हात मारला. कार्ड जळल्यापासून पडद्याची वायर मदरबोर्डच्या भोकात खोचायची हाताला सवय झालेली. आजही ती तिथेच गेली होती, आणि कार्ड बसल्यावर ते भोक मुकं झालेलं. नवं कार्ड बिचारं शेजारी उपाशी.

"बघा भाऊजी, कार्ड मुरलेलं, पण मी कच्चीच!"

वायर कार्डात गेली आणि पडदा उजळला. सगळ्यात किचकट साचा उघडून वहिनींनी माउस गरकन फिरवला. साचा भोवऱ्यासारखा फिरला. दुकानदाराने बिलाचं पुस्तक ओढलं.

"थांबा. आधी अपडेट, मग रीस्टार्ट."

"अहो, चाललं ना आता?" दीर वैतागला.

"आज चाललं. मला पुढेही चालायला हवंय."

अपडेट होईपर्यंत दीर येरझाऱ्या घालत होता. मशीन बंद झालं, सुरू झालं. पडदा पुन्हा उजळला. दिराने वायरी काढल्या आणि कॉम्प्युटर स्वतः उचलला. दारात थबकून म्हणाला, "वहिनी, पैसे मी देतो. तुम्ही आवरा. सुजलेल्या पायाच्या एक आजी तुमच्या साच्यासाठी माप द्यायला येऊन बसल्या असतील."