पुतळीची पेज

आमच्या रामवाडीत जनू नावाचा मिठागरातला माणूस राहत असे. त्याच्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. मला ते नीट जमेल की नाही, कोण जाणे.

जनूचा बाप आणि चुलता एकाच दुखण्याने गेले. आधी भाकरी उतरेना, मग भात, शेवटी पाणी. पन्नाशी उलटल्यावर जनूला स्वतःची धास्ती बसली. जेवताना तो प्रत्येक घास गळ्याखाली जाईपर्यंत थांबून राही, मग उगाच छाती चोळी. "काका, आता कायतरी अडकल्यासारखं वाटलं," म्हणून जेवणावरून उठून माझ्याकडे येई. झोप नाही, कामात लक्ष नाही. शेवटी १९९६ च्या उन्हाळ्यात मीच त्याला पनवेलला डॉक्टरांकडे नेले.

दुर्बीण घालून तपासले. आत काही नव्हते. जनूने हात जोडले. डॉक्टर मात्र विचारत राहिले, "घरात आणखी कुणाला?"

"बाप आणि चुलता. बस."

"बायकांत?"

"आत्या गेली तशी. पण ती दिलेली, परक्या घरची. तिला कशाला धरायचं?"

मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. लग्नात मुलीचे घर बदलते, देव बदलतो, सुतक बदलते. मग दुखणे तरी माहेरचे कसे राहील, असेच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

डॉक्टर म्हणाले, "रक्त बदलत नाही. आईबापाकडून शरीराची घडण येते, मुलाला येते तशीच मुलीला. काहींच्या घडणीत अशी एखादी खोट असते की हा अन्ननलिकेचा कॅन्सर त्यांना लवकर धरू शकतो. धरेलच असं नाही. आणि वर तंबाखू, मिश्री, उकळता चहा असला की धोका वाढतो. ती खोट कुणात आहे हे सांगणारी तपासणी माझ्याकडे नाही. म्हणून त्रास सुरू झाला की लगेच यायचं, एवढंच हातात आहे. बहीण आहे का तुम्हाला?"

जनू तडक बाहेर आला आणि घरी न जाता रोह्याच्या एसटीत चढला. मी मागोमाग. वाटेत तो चारदा जागा बदलून बसला.

रोह्याला दिलेली धाकटी बहीण पुतळी दारातच ओरडली, "दादा, वाट चुकलास की काय? काकांना पण घेऊन आलास?" तिने आम्हाला भाकरी आणि बोंबलाचे कालवण वाढले. स्वतः पातळ पेज घेऊन बसली.

"तुझी भाकरी कुठं हाय?"

"दात गेले रे माझे."

"व्हय गो, हसतेस तेव्हा सगळे दिसतात."

ती हसली, पण तोंडावर पदर धरून.

"पुतळे, घास अडकतो?"

"गप जेव. ते दुखणं तुमच्या घरचं. मी म्हात्र्यांची झाली, त्याला पंचवीस वर्सं झाली."

"आत्या पण कुणाचीतरी झालीच होती."

पुतळीचा हात थांबला. आत्याचे शेवटचे दिवस तिने पाहिले होते. चमच्याने पाणी तिनेच पाजले होते.

"कधीपासून?" जनूने विचारले.

"होळीपासून. म्हटलं, पित्त असंल."

"उद्या पनवेलला चल."

"सून काय म्हणंल? घरात पाव्हणे येणार हायेत."

"पाव्हण्यांना मी बघतो. नायतर मी हितून हलत नाय." तो उंबऱ्यावर बसला, उठला, पुन्हा बसला. जेवण तसेच राहिले.

पुतळी बराच वेळ पेज ढवळत राहिली. मग हळूच म्हणाली, "दादा, माझी लेक मनस्वी औंदाच सासरी गेली. तिला पण सांगायला लागंल?"

जनूने मान हलवली. "सांगू. आधी तू चल."

ती उठली आणि सुनेला हाक मारून म्हणाली, "उद्याचं दूध तू घे गो, मी दादासंगट जाते."