पायाळूचे पाय

गोल्फच्या मैदानावर त्यांना सगळे पायाळू मामा म्हणत. पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीतलं पाणी कळतं, असं म्हणतात. मामा जन्मले होते चारचौघांसारखेच, डोक्याकडून. पण पाणी मात्र त्यांना कळायचं.

गोल्फ न बघितलेल्यांसाठी आधी थोडं सांगायला हवं. ज्या भोकात चेंडू घालायचा, त्याच्या भोवतीचं गवत सतरंजीसारखं दाट आणि बारीक कापलेलं असतं. त्या तुकड्याला ग्रीन म्हणतात. बाकीचं मैदान धडधाकट माणसासारखं असतं, चार दिवस दुर्लक्ष झालं तरी कुरकुर करत जगतं. ग्रीनचं तसं नाही. ते कायमचं आजारी पोर. पाणी कमी पडलं तर दुपारपर्यंत करपतं, जास्त झालं तर मुळं गुदमरतात. सकाळचं दव पानांवर राहिलं तरी बुरशी धरते, म्हणून दोघेजण दोराची दोन टोकं धरून सगळ्या ग्रीनवरून तो ओढत नेतात आणि दव झाडून काढतात.

दोर फिरला की मामा बूट काढायचे आणि अनवाणी ग्रीनवर चढायचे. हात मागे बांधून, मान खाली घालून, सावकाराने देणेकऱ्याच्या अंगणात फिरावं तसे सावकाश फिरायचे. मग म्हणायचे, "याला आज नको. त्या चढावाच्या बाजूला घोटभर द्या." ते ऐकून मी पंपघरातून पाणी सोडायचो, आणि जिथे हाताने द्यायचं तिथे नळीवाली ताई जायची.

ही ताई म्हणजे आमच्यातली सगळ्यात फटकळ बाई. पाण्याची जाड नळी खांद्यावर टाकून उन्हात दिवसभर चालायची. नवरा कामाला म्हणून परगावी गेला तो तिकडचाच झाला. घरी सासू आणि दोन मुली. "माझ्या घरात सगळ्या बायका," ती म्हणायची, "म्हणून भांडण एकदाच होतं, सकाळी सुरू होऊन झोपेपर्यंत."

मामा तरुणपणी इथे वाळूचे खड्डे दाताळ्याने सारखे करायला आले, तेव्हा त्यांच्याकडे बूटच नव्हते. पुढे फवारणीचं काम मिळालं. पाठीवर पंप, तोंडाला काही नाही, पायात काही नाही. बुटांच्या टाचा मऊ ग्रीनवर उमटतात म्हणून तेव्हाचे मुकादमच सांगायचे, काढून ठेवा. बुरशीचं औषध, किड्यांचं औषध, तणाचं औषध, सगळं त्यांनी उघड्या पायांनी तुडवलं. कुणी विचारलं तर हसून म्हणायचे, "किडे मरतात त्याने, मी काय किडा आहे?"

त्यांचा एक खेळ होता. पाहुणे आले की क्लबचे साहेब मामांना बोलवायचे. मामांचे डोळे बांधून कुठल्याही ग्रीनवर नेऊन उभं करायचं. ते दोन पावलं टाकून सांगायचे, हे कितवं ग्रीन, काल पाणी मिळालं की नाही, कुठल्या बाजूला सावली असते. कधी चुकले नाहीत. टाळ्या पडायच्या. असा एक फोटोही साहेबांच्या खोलीत लावलेला होता. त्यात मामा डोळ्यांवर रुमाल बांधून हसताहेत आणि त्यांचे पाय फोटोच्या बरोबर मधोमध आले आहेत.

मग प्रशिक्षण आलं. आता फवारणी करणाऱ्या आणि ग्रीन सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ते घ्यावंच लागणार होतं. शेडमध्ये गवत कापायच्या मशीनांच्या मध्ये खुर्च्या मांडल्या, आणि एक बाई रोज दुपारी येऊन शिकवू लागल्या. पाती कशी लावायची, औषध मोजून कसं घालायचं, टाकी किती वेळा विसळायची. बाई समजावून सांगायच्या, चिडायच्या नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "फवारलेल्या गवतावर उघडा पाय ठेवायचा नाही. औषध कातडीतून आत जातं."

मामा मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "बाई, हातमोजे घालून कधी कुणी नाडी बघितलीय का?"

शेड हसली. बाईही हसल्या. मग त्यांनी पिशवीतून एक लोखंडी नळकांडं काढलं. ते ग्रीनमध्ये दाबायचं, फिरवून वर ओढायचं, की आत बोटाएवढी मातीची कांडी येते. ती बघायची, दाबायची, हुंगायची. मुळं पांढरी आहेत की काळी, मातीला कुजका वास येतो का. "ही घ्या मामा, नाडी," बाई म्हणाल्या. मामांनी नळकांडं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि शेडमधल्या खिळ्याला अडकवलं. ते तिथेच राहिलं.

आम्हाला वाटलं, म्हातारा हट्टी आहे. खरं काय ते फक्त मामीला माहीत होतं. हे सगळं तिने मला नंतर सांगितलं.

त्याच्या बऱ्याच आधी एका संध्याकाळी मामा घरी आले आणि लादीवर लाल ठिपके उमटत गेले. मामी म्हणाली, "अहो, पाय बघा." तळव्यात काचेचा तुकडा घुसला होता. मामा त्यावरून घरापर्यंत चालत आले होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. मामीने काच काढली. मामा शांतपणे बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाचा पाय होता.

"दुखत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

मामांनी पाय ओढून घेतला. मग म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. माझ्याकडे दुसरं काय आहे सांगण्यासारखं? झाकली मूठ राहू दे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दिव्याजवळ बसून मामी त्यांचे तळवे तपासायची. कधी काटा, कधी भाजल्याचा फोड. मामा भिंतीकडे बघत बसायचे.

आणि मैदानावर? तिथे मामा डोळ्यांनी काम करायला लागले. तहानलेलं गवत निळसर दिसतं. त्यावरून चाललं की पावलांचे ठसे लवकर भरून येत नाहीत. मामा अनवाणी फिरायचे, वळून आपलेच ठसे बघायचे आणि सांगायचे. बहुतेक वेळा बरोबर यायचं. पाहुण्यांपुढचा खेळ मात्र त्यांनी बंद केला. "डोळ्यांना रुमाल सोसत नाही आता," म्हणायचे. कुणाला शंका आली नाही.

मोठी स्पर्धा तोंडावर आली आणि हवा बिघडली. आधी अवेळी धो धो पाऊस झाला, मग लगेच कडक ऊन पडलं. मागे चढ आणि भोवती झाडी असलेलं सातवं ग्रीन कोंदट जागेत होतं. तिथलं पाणी मातीत अडून बसलं. वरून ऊन, खाली साचलेलं पाणी, म्हणजे मुळं उकडत्या डबक्यात. अशा वेळी मुळं पाणी ओढेनाशी होतात आणि पाण्यात उभं असलेलं गवत तहानेने कोमेजतं. वरून दिसायला अगदी तहानलेलं. तसंच निळसर, ठसेही तसेच. डोळ्यांना फरक कळत नाही. पायाला मात्र पहिल्याच पावलात कळतं.

मामा सातव्यावर चढले, फिरले, मागे वळून ठसे बघितले. "तहानलंय," म्हणाले. "चांगलं भरपूर द्या."

ताई नळी ओढत आली आणि थांबली. "मामा, खाली पचपच वाजतंय हो. बुटाला लागतंय."

"तुझे बूट बोलणार की माझे पाय?"

"तुमचेच पाय बोलू देत बाई. पण एकदा ते नळकांडं घालून बघू का?"

"घाल की. आणि नवऱ्यालाही शोध त्याने, सापडतो का बघ!"

दोर ओढणारे हसले. ताईचं तोंड उतरलं. तिने नळी उघडली. मी दाब वाढवला.

दुसऱ्या दिवशीही मामांनी तेच सांगितलं. ठसे आणखीच राहत होते ना.

मग सातवं ग्रीन गेलं. आधी मधोमध पिवळं पडलं, मग तपकिरी, मग त्यावर शेवाळासारखा काळपट थर आला. जवळ गेलं की गटारासारखा वास. साहेबांनी खिळ्यावरचं नळकांडं काढून स्वतः दाबलं. कांडी वर आली ती काळी, गाळासारखी, आणि मुळं बोटाने ओढली की सुटून येत होती. स्पर्धेला तिथे तात्पुरतं भोक कडेच्या गवतात करावं लागलं. खेळणारे जाता-येता नाकाला रुमाल लावत होते.

चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ते मी त्या सकाळी बघितलं. शेडसमोर सगळ्यांना उभं केलं. साहेब ताईला म्हणाले, "नळी उघडी टाकून गप्पा मारत बसलीस. उद्यापासून येऊ नकोस."

"मला जेवढं सांगितलं तेवढंच दिलं."

"मामांनी एवढं सांगितलं? मामा चुकतील?"

ताईने मामांकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. मीही बोलू शकलो असतो, पण माझंही म्हणणं एवढंच झालं असतं की मामांनी सांगितलं, आणि त्यावर उत्तर तेच होतं. मामा खाली आपल्या पायांकडे बघत होते. ताईने बूट काढायला सुरुवात केली, कारण बूट क्लबचे होते.

"साहेब," मामा म्हणाले, "पाणी मीच सांगितलं. दोन्ही दिवस."

"मामा, तुम्ही तिला पाठीशी घालू नका."

"पाठीशी नाही घालत. माझे पाय मेलेत."

कुणालाच काही समजलं नाही. मुकादम म्हणाले, "काय बोलताय मामा?"

मामांनी खिशातला रुमाल काढून मुकादमांच्या हातात दिला. "बांधा. पूर्वीसारखे."

"ही काय तमाशाची वेळ आहे?" साहेब वैतागले.

"तमाशाच आहे. इतकी वर्षं बघितलात, आज शेवटचा."

मुकादमांनी डोळे बांधले. मामांनी बूट काढले. शेडशेजारी राखीव गवताचा एक तुकडा आहे, ग्रीन बिघडलं तर ठिगळ लावायला वाढवलेला, आणि त्याला लागूनच मशीनं धुवायची सिमेंटची जागा. मुकादमांनी मामांना हाताला धरून दोन-चार गिरक्या मारल्या, पूर्वी मारायचे तशाच, आणि सोडलं.

मामा उभे राहिले. दोन पावलं टाकली. थांबले. आणखी एक पाऊल टाकलं. त्यांचा चेहरा कान देऊन ऐकणाऱ्या माणसासारखा झाला होता.

"बोला मामा," मुकादम हळूच म्हणाले.

"गवत आखूड आहे," मामा म्हणाले. "कोरडं. पाणी... पाणी द्यायला हवं."

कुणी हसलं नाही. मामांनी रुमाल वर सरकवला. ते सिमेंटवर उभे होते.

त्यांना माहीत होतं की ओलं-कोरडं सांगता येणार नाही. तेच दाखवायला तर ते उभे राहिले होते. पण गवत आहे की नाही, एवढं तरी कळेल असं त्यांनी धरलेलं असावं. ते खाली बघत राहिले, वाकून त्यांनी हाताने सिमेंट चाचपलं. मग बूट हातात घेऊन तसेच फाटकाकडे चालू लागले. मामी म्हणाली, त्या दिवशी ते घरी आले तेव्हाही बूट हातातच होते.

ताईची नोकरी राहिली. मामांची गेली. जिथे मशीनची पाती फिरतात तिथे बधिर पायाचा माणूस ठेवता येत नाही, असं साहेब म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर नव्हती. मग कशाने? "खूप कारणं असू शकतात," डॉक्टर म्हणाले. फवारणीच्या औषधांमुळे का, असं मामीने विचारलं तेव्हा म्हणाले, "आता कसं सांगणार?" पायातलं परत येणार नाही, एवढं मात्र त्यांनी ठामपणे सांगितलं. साहेबांच्या खोलीतला फोटो निघाला. भिंतीवर चौकोनी डाग राहिला.

ताई बरेच दिवस मामांकडे फिरकली नाही. मी जायचो. एकदा मी तिथे बसलो असताना ती आली. मामीने पाणी दिलं, ते तिने तसंच ठेवलं.

"मामा, आधी सांगितलं असतंत तर ग्रीन वाचलं असतं."

"आणि मी?"

"तुम्ही तर आधीच गेला होतात."

मामीने मान फिरवली. मामा रागावले नाहीत. "खरं आहे," म्हणाले. "तुझ्या नवऱ्यावरून बोललो, ते सगळ्यांत वाईट."

"त्याचं सोडा. तो काय शोधण्यासारखा माल आहे?" ताई उठली नाही. पदराशी खेळत बसली. मग एकदम म्हणाली, "सुरुवात कशी झाली होती? म्हणजे आधी काय झालं?"

"मुंग्या," मामा म्हणाले. "आधी नुसत्या मुंग्या येतात. बसून पाय अवघडल्यासारख्या. मग त्या जातात. त्या गेल्या की बरं वाटतं. ते बरं वाटणंच वाईट." ते थांबले. "का?"

ताईने हात पदराखाली घेतले होते. बादलीत औषध कालवायला आम्हाला काठी दिलेली असते. ती काठी नेहमी कुठेतरी हरवलेली असते, मग ताई हातानेच कालवते.

"दाखव," मामा म्हणाले.

"काही नाही."

"मुंग्या आहेत की गेल्या?"

ताईने पदर आणखी घट्ट ओढला. मग ती म्हणाली, "दोन बोटांच्या गेल्या."

मामा पुढे सरकले. "उद्या सांग. नळी उचलायच्या आधी. त्या शिकवणाऱ्या बाईंना सांग, साहेबांना सांग."

"आणि त्यांनी म्हटलं, घरी बस? तुम्हाला मामी आहे. माझ्या पाठीमागे कोण आहे?" ती पाणी न पिताच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंप सुरू केला. दाब चढला. सातव्याला नवीन गवत लावलं होतं, त्याला सकाळी पहिलं पाणी ताईच देते. पण तिकडचा नळ उघडलाच नाही, दाबाचा काटा जागचा हलेना. मी पंपघराच्या खिडकीतून बघितलं. नळी गुंडाळलेली जमिनीवरच पडून होती. ताई साहेबांच्या बंद दाराबाहेर उभी होती, हात पाठीमागे धरून.