‘हे कुणाकडून आलं?’

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. रक्ताचा कॅन्सर आहे. बरा होणाऱ्यांपैकी आहे, पण पहिले काही दिवस फार जपावं लागेल."

माझे यजमान प्रमोद यांनी तो रिपोर्ट पुन्हा हातात घेतला. शेजारी त्यांच्या जामनेरच्या आत्याबाई होत्या. मी जगेन की नाही, हे विचारायचं सोडून त्यांनी विचारलं, "हे कोणाकडून आलं? हिच्या माहेरी व्हतं का कोणाले?"

आज मी बरी आहे. जळगावच्या शाळेत पुन्हा शिकवते आहे. पण तो प्रश्न आठवला की अजूनही डोकं फिरतं. तुमच्या घरात हा आजार आला तर हा प्रश्नही येईल, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात हिरड्यांपासून झाली. दात घासताना रक्त यायचं. मग दंडावर, मांडीवर काळेनिळे डाग उठले. मेहरूण तलावावर फिरायला गेले की धाप लागायची. मी सगळं खापर शाळेच्या दगदगीवर फोडलं. तुम्ही तसं करू नका. कुठे आपटल्याशिवाय डाग उठत असतील तर लगेच सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी करून घ्या. या आजारात माणूस दगावतो तो बहुतेकदा सुरुवातीच्याच दिवसांत, रक्तस्रावाने.

नंतर बोन मॅरो झाली, म्हणजे कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला. खूप दुखतं, पण लवकर संपतं. रिपोर्टात ‘पीएमएल-रारा’ असं काहीतरी होतं. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर डॉक्टरांनी माझ्याच भाषेत समजावलं. दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना चिकटले, त्यातून एक नवा जोड-जीन झाला. हा जीन पांढऱ्या पेशींना मोठं होऊ देत नाही. "समजा, सगळी मुलं एकाच इयत्तेत अडकली आणि खालून नवी भरती चालूच आहे. वर्ग तुंबणार आणि शिकून कामाला लागणारं कुणीच नसणार."

शेवटी ते आत्याबाईंकडे वळून मुद्दाम म्हणाले, "हा बिघाड जन्मतःचा नाही. आईवडिलांकडून आलेला नाही, मुलांना जाणार नाही. मगजातल्या एका पेशीत तो नंतर घडला."

आत्याबाईंनी एवढ्यातून ‘जीन’ तेवढा उचलला.

माझी धाकटी बहीण वैशाली. तिच्यासाठी धुळ्याचं स्थळ आत्याबाईंनीच आणलं होतं, साखरपुडाही झाला होता. मला सलाईन लागायच्या आत त्यांनी धुळ्याला फोन केला. मुलीच्या बहिणीच्या रक्तात खानदानी दोष निघाला आहे, म्हणाल्या. काय घाई होती? माझ्यासाठी रक्तदाता शोधायला घरातल्या एकालाही एवढी घाई नव्हती.

औषध ऐकाल तर नवल वाटेल. ‘अ’ जीवनसत्त्वापासून केलेल्या कॅप्सूल, आणि सोबत शिरेतून आर्सेनिक. हो, तेच विष. कॅप्सूल अडकलेल्या पेशींना वरच्या इयत्तेत ढकलतात. पेशी मोठ्या होतात आणि आपल्या वेळेला मरतात. पण एकदम ढकलल्या तर गोंधळ होतो. मला ताप आला, अंगावर सूज चढली, श्वास घेता येईना. याला डिफरन्शिएशन सिंड्रोम म्हणतात. पेशंटला असं झालं तर घाबरून बसू नका, त्याच क्षणी नर्सला बोलवा.

नाकाला ऑक्सिजन लावलेला असताना सोनगीरहून नाना, माझे वडील आले. पायाशी बसले. मग म्हणाले, "धुयावाला नही म्हनतस." म्हणजे वैशालीचं लग्न मोडलं. आणि नाना खाली मान घालून आपल्या आईला, काकाला, आत्याला आठवत राहिले, कोण कशाने गेलं ते. लेक समोर धापा टाकते आहे आणि बाप आपल्याच मेलेल्या माणसांत गुन्हेगार शोधतो आहे. त्या दिवशी मला आजाराचा आला नाही एवढा संताप माणसांचा आला.

काही महिन्यांनी पीसीआर झाली. मगजात तो जोड-जीन उरला आहे का, ते या तपासणीत बघतात. सापडला नाही. आईबापांकडून आला असता तर असा नाहीसा झाला नसता. मी तो कागद प्रमोदकडून मुद्दाम आत्याबाईंना पोचवला. बघा म्हटलं, आमचं रक्त.

कागद आत्याबाईंकडून धुळ्याला गेला. पुढच्या रविवारी मुलाचे वडील पेढ्यांचा बॉक्स घेऊन सोनगीरला हजर. मीही माहेरीच होते. ते म्हणाले, घरातला आजार नव्हता असं कळलं, आता आमची हरकत नाही. नानांचा चेहरा उजळला. खरं सांगते, माझाही.

वैशालीने पाण्याचा ट्रे ठेवला आणि उभ्यानेच म्हणाली, "काका, अक्काना आजार घरना नही निंघना, म्हनीसन तुम्ही उनात. घरना निंघता तं? मंग मी नासकी व्हतू का?"

तिने बॉक्स उचलून त्यांच्या हातात परत दिला.

त्या डॉक्टरांचे आणि त्या कॅप्सूलींचे उपकार मी विसरणार नाही. पण माझी मान सरळ केली ती वैशालीने. मीही कागद दाखवून, आम्ही तसे नाही म्हणून सांगत होते. जे ‘तसे’ आहेत, ज्यांचा आजार खरंच आईबापांकडून आला आहे, त्यांनी कुठे जायचं?

मुलाचे वडील निघाले. नाना फाटकापर्यंत सोडायला गेले. जाताना मुलाच्या वडिलांनी सगळ्यांना हात जोडले, मलाही. माझी तब्येत कशी आहे, हे त्यांनी तेव्हाही विचारलं नाही.