अप्पांनी पुढं न सांगितलेलं वाक्य

उचगावजवळ हायवेला मला मुंबईच्या बसमध्ये बसवून रस्ता ओलांडून गेलेले अप्पा पलीकडून ओरडले, "गोळ्या चुकवू नको गं." सगळी बस माझ्याकडं बघायला लागली. छत्तिसाव्या वर्षी मला पार्किन्सन झालाय हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. इतकी लाज वाटली की मी वडलांना धड हातही केला नाही.

आमच्या गडमुडशिंगीत हळू बोलणारा माणूस आजारी तरी असतो, नाहीतर काहीतरी लपवत तरी असतो. अप्पांनी उसाच्या या टोकाहून हाक मारली की त्या टोकाला पाणी पाजणारा गडी फावडं टाकून यायचा. मीही त्यांच्यावरच गेलेली. इंग्लंडात लीड्सला सार्वजनिक आरोग्याचं मास्टर्स करायला त्या बसनं निघाले तेव्हा म्हटलं होतं, हातपाय जातील तर जाऊ देत, या आजाराबद्दल गावोगाव बोलायला आवाज तर आहे. आणि गेला तो आवाजच; या आजारात तोही बारीक होत जातो.

इथं थंडीत चारलाच अंधार पडतो. दिवस मावळायच्या आत जेवायचं हे आमच्या जैन घरचं वळण गोळ्यांच्या वेळापत्रकात कधीच मोडलं. ते मोडल्याचं आईला अजून सांगितलेलं नाही. स्पीच थेरपिस्ट म्हणते, लांबच्या कुणाला तरी हाक मारतेयस असं समज. मी डोळे मिटून उसापलीकडच्या अप्पांना हाक मारते. आवाज मोजणाऱ्या मशीनवरचा आकडा फारसा हलत नाही. रविवारी फोनवर अप्पा म्हणतात, "रेंज न्हाय वाटतं." मीही हो म्हणते. रेंजवर ढकललं की दोघांचंही भागतं.

तुम्ही मागं राहिलेले असा नाहीतर माझ्यासारखे निघून आलेले, हे तुम्हा दोघांनाही सांगायचंय. यंदा डिझर्टेशन संपवून महिनाभर घरी गेले आणि गावात सभा ठेवली. थरथरणाऱ्या माणसाला दारुडा समजू नका, अंगात आलंय म्हणून देवऋषीकडं नेऊ नका, डॉक्टरकडं न्या. एवढंच सांगायचं होतं, आणि एवढ्यासाठीच तर शिकले होते. माईक तोंडाला लावला तरी शब्द कुणाला कळेनात; मागून आवाज आला, "मोठ्यानं बोला की ताई." तेव्हा अप्पा उठले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि माझं एकेक वाक्य खणखणीत आवाजात पुढं सांगू लागले. लोक कान देऊन ऐकत होते. मला वाटलं, जमलं.

मग मी म्हणाले, "हा आजार बरा होत नाही. गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात."

अप्पा थांबले. टोपी काढली, परत घातली. मग लोकांकडं बघून म्हणाले, "ह्यो आजार बरा व्हतोय. येळ लागतोय, पण व्हतोय."

पुढच्या रांगेत एक बाई एका हातात नवऱ्याचा थरथरता हात आणि दुसऱ्यात त्याच्या गोळ्यांची पिशवी धरून बसली होती. तिचा चेहरा उजळला. चार महिन्यांत तो बरा झाला नाही की ती गोळ्या बंद करणार, हे मला तिथंच कळलं. मी दोनदा म्हणाले, "अप्पा, खोटं नका सांगू." ते फक्त त्यांनाच ऐकू गेलं, आणि त्यांनी ते पुढं सांगितलं नाही.

आता लीड्सला परतल्यावर घर म्हणजे माझ्यासाठी अप्पांचं ते एक वाक्य आहे. त्यात मी बरी होणार आहे. ते खोटं पाडायला माझ्याकडं आवाज नाही, आणि खरं सांगायचं तर मनही नाही. तरी दर रविवारी फोनवर सांगते, अप्पा, त्या बाईला गोळ्या चालू ठेवायला सांगा.

अप्पा हॅलो, हॅलो करतात. मग म्हणतात, "रेंज न्हाय बघ."