पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ

ते प्रकरण मी आजही विसरलेलो नाही. विधानसभेचं मतदान तीन दिवसांवर आलं होतं आणि मी वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. निवडणुकीत ठाणेदाराचा जीव हजार ठिकाणी टांगलेला असतो. नाकाबंदी, परवान्याच्या बंदुका जमा करणं, सभांच्या परवानग्या, भोंगे वेळेवर बंद होतात की नाही. फोन वाजला की आता कुठे काय पेटलं, हीच धास्ती.

त्या सकाळी फोन आला तो एका वस्तीवरच्या आशाताईचा, म्हणजे तिथल्या आरोग्य सेविकेचा.

"साहेब, एक लेकरू दोन दिवसांपासून तापानं फणफणून राह्यलं. त्याची माय दवाखान्यात चालतच नाही. म्हनते, शपथ मोडली म्हनून ताप आला, औषधानं काय होते?"

"कसली शपथ?"

"मताची," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

ही वस्ती मजुरांची. वर्षातले सहा महिने माणसं ऊसतोडीला बाहेर. त्यांना कामावर नेणारा मुकादम एका उमेदवाराचा कार्यकर्ता होता. मतदानासाठी त्यानेच त्यांना गाडीत घालून परत आणलं होतं. आचारसंहिता कक्षाला कळवून मी भरारी पथकासह वस्तीवर पोचलो.

शपथेचं विचारलं की माणसं कामाचं निमित्त काढून निघून जात. देवळासमोर बसलेले म्हातारेही उठून गेले. आशाताईने दाखवलेल्या घरात ती आई दाराआड पोराला मांडीवर घेऊन बसली होती. पोर तीन वर्षांचं असेल, श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. आणि मी काय केलं? तिला म्हणालो, "आधी जबाब दे, मग गाडीतून दवाखान्यात नेतो." मतदानाआधी गुन्हा नोंदवायची घाई माझ्या डोक्यात बसली होती. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

"मले काही सांगाचं नाही," ती म्हणाली. "एक डाव तोंड उघडलं, त्याचं हे झालं. सासूले म्हनलं होतं, मी दुसऱ्याले मत देतो. दुसऱ्या दिवशीच पोर तापलं. आता तुमाले सांगतलं तं मरनच येईन त्याले."

तिने दार लावून कडी घातली. दार तोडायला एक लाथ पुरली असती, पण आतली बाई पोराला कवटाळून बसली असती, दुसरं काय? आशाताईला मी दारापाशीच थांबवलं आणि मुकादमाला ठाण्यात आणलं.

गडी पक्का मुरलेला. खुर्चीत ऐसपैस बसला. शपथेचं विचारलं, तर म्हणाला, "भजन होतं साहेब. नारळ फोडला. आचारसंहितेत भजन बंद हाये काय?"

धमकावून उपयोग नव्हता. अशा माणसाला वकिलाचा नंबर तोंडपाठ असतो. मी कागद पुढे ओढला आणि भजनाला कोण कोण होतं, ते लिहून घ्यायला लागलो. त्याने भराभर नावं सांगितली. प्रत्येक आईबापाबरोबर लेकरू होतं, हेही बोलण्याच्या ओघात सांगून गेला. बाजूला उभ्या असलेल्या माझ्या हवालदाराला त्याच्या घरची माहिती होती. तो हळूच म्हणाला, "साहेब, याले बी लहान पोरगी हाये."

"तुझी मुलगी कुठे होती?"

"घरी."

"भजनाला का नाही आणली?"

तो खुर्चीत सावरून बसला. मग खाली बघत म्हणाला, "लेकरू हाये साहेब. कायले नसती जोखीम?"

दुसऱ्यांची पोरं पणाला लावणाऱ्याने स्वतःचं पोर घरी ठेवलं होतं. मला संताप आला, पण तिथेच वाटही दिसली. शपथेची भीती त्यालाही होती. भजनाचा बहाणा आता टिकणार नव्हता, तो पुढे सगळं बोलला: पोराच्या डोक्यावर हात, देवापुढे उमेदवाराच्या चिन्हाचं नाव, मत फिरवलं तर पोराचं वाईट.

आमच्याकडे घातलेली शपथ घालणाराच सोडवू शकतो. त्याने 'सुटली' म्हटलं, की ती संपते. नियमावलीत हे कुठे नव्हतं. तरी मी त्याला वस्तीवर नेलं. त्या बंद दारासमोर, पथकाचा कॅमेरा चालू असताना, तो मोठ्याने म्हणाला, "बाई, माह्याकडून शपथ सुटली. समद्याइची सुटली."

कडी निघेपर्यंतचा वेळ मला आयुष्यातला सगळ्यात लांब वाटला. वाशीमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. मतदानाच्या दिवशी मी केंद्राकेंद्रावर फिरत होतो आणि दर तासाला दवाखान्यात फोन करत होतो. चौथ्या दिवशी पोराने दूध मागितलं.

मतदाराला धमकावलं का, हे तपासताना आम्ही काठ्या आणि जखमा शोधतो. भीती अशी मंदिरात, हळदी-कुंकवासकट घालता येते, हे मला त्या वस्तीने शिकवलं. जबाबाआधी माणूस बघायचा, हेही तिथेच शिकलो, जरा उशिराच.

खटला उभा राहिला तेव्हा भीती एकच होती. साक्षीच्या आधी कोर्टात शपथ घ्यावी लागते, ती ही बाई घेईल का? मीही साक्षीदार, म्हणून बाहेर व्हरांड्यात बसलो होतो. तिचा पुकारा झाला. ती उठली, दोन पावलं गेली, परत आली आणि पोर माझ्या मांडीवर ठेवलं.

"याले इथंच धरा साहेब. आत नका येऊ देऊ. मी शपथ घेऊन येतो."

ती आत खरं सांगत होती आणि मी बाहेर तिचं पोर सांभाळत होतो. एवढ्या नोकरीत यापेक्षा मोठी जबाबदारी माझ्यावर कुणी टाकली नाही.