मामाचा खांदा, प्लेट आणि झोळी

कामोठ्यात स्कूटर घसरली तेव्हा हात टेकून स्वतःला सावरायचं की पायाशी ठेवलेली पापलेटची पिशवी कवटाळायची, एवढाच प्रश्न होता. पापलेटांना खरचटलंही नाही. माझं गळ्याखालचं आडवं हाड, म्हणजे कॉलरबोन, मोडलं.

पनवेलच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. "ऑपरेशन करून प्लेट बसवता येईल, किंवा हात झोळीत ठेवूनही हाड सांधेल. प्लेटने हाड जागेवर बसतं, न जुळण्याची भीती कमी. पण चिरफाड आली, जखम चिघळायचा धोका आला, आणि प्लेट टोचायला लागली तर काढायला पुन्हा ऑपरेशन. झोळीत ते जरा वाकडं जुळेल, उंचवटा दिसेल. वर्षभराने हात दोन्हींत साधारण सारखेच चालतात. तुमचं फार सरकलेलं नाही. तुम्हीच ठरवा."

तुम्हीच ठरवा! घरात संध्याकाळची भाजीसुद्धा मी कधी ठरवलेली नाही.

त्यात जासईहून बहीण धावत आली. दोन महिन्यांवर तिच्या मुलाची हळद. आमच्या आगरी घरांत हळदीला मामा नवरदेवाला खांद्यावर घेऊन नाचतो. भाचा पूर्वी काडीपैलवान होता, आता जिममध्ये जाऊन त्याचं कपाट झालंय.

"दादूस, प्लेटच टाक," बहीण म्हणाली. "लोखंडी खांदा कवा मोडाचा नाय."

"आता विमानतळ दाराशी आलंय," बायको म्हणाली. "अंगात लोखंड असलं तर आत सोडतील का?"

"तुमी कुठं चाललाव?" बहिणीने विचारलं.

"कुठे नाही. पण सोडायला तर हवं!"

शेजारी झोळीवाले निघाले, कारण प्लेट पावसाळ्यात गंजते अशी त्यांची खात्री होती. मला त्यातलं कशाचंच काही नव्हतं. मला भाच्याला उचलायचं होतं. मला मूलबाळ नाही. त्याच्या बारशापासून मी त्या नाचाची वाट बघत होतो.

शेवटी डॉक्टरांनाच विचारलं, "नवरदेव कशाने लवकर उचलता येईल?" मोबाइलवर भाच्याचा फोटो दाखवला.

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. "हा? दोन महिन्यांत? प्लेटने नाही आणि झोळीनेही नाही."

मग कशाला कापून घ्या? झोळी घेतली. बहीण आठवडाभर बोलली नाही, आणि मला खरंच फार वाईट वाटलं.

हळदीच्या दिवशी झोळी सुटली होती, पण वजन उचलायला बंदी. बेंजोवाल्यांनी वाजवायला सुरुवात केल्यावर मी मांडवामागे मटणाच्या टोपापाशी जाऊन उभा राहिलो. तिथे नवरदेव पिवळाधमक होऊन मला शोधत आला.

"मामा, चल."

"अरे, मला उचलता येत नाही."

"मंग गप ऱ्हा," तो म्हणाला, खाली वाकला आणि मोडक्या बाजूला धक्का न लावता त्याने मलाच खांद्यावर घेतलं. मांडवात एकच गलका झाला. बहीण हसता हसता खुर्चीवरून घसरली. मी वरून "खाली ठेव, खाली ठेव" ओरडत होतो, रडत होतो, आणि त्याने एवढ्यात ठेवू नये असंच मला वाटत होतं.