तेल लागलेलं रबर

एवढंसं रबर. रुपयाच्या नाण्याएवढं, वाटीसारखं खोलगट. आमच्या जुन्या गाडीच्या प्रत्येक चाकात असे दोन कप होते. ब्रेकवर पाय दिला की तेलाचा दाब त्यांच्यावर यायचा, ते सरकायचे आणि चाक थांबायचं. या रबरावरून मी एका भल्या माणसाचं नाव मातीत घातलं, आणि त्याचा राग मला अजून येतो. कधी स्वतःचा, कधी अप्पांचा. कुणाचाही असो, उतरत नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची गाडी स्वातंत्र्याच्या आधीची, विलायती. नव्वदच्या दशकात बेंगळुरूच्या रस्त्यांवर नव्या चकचकीत गाड्या सुसाट धावायला लागल्या, तरी आमची काळी म्हातारी चामराजपेठेतून ऐटीत निघायची आणि मागच्यांच्या शिव्या खायची. तिचे मूळ भाग कधीच संपले होते. मिळायचे ते दुसऱ्याच कुणी तिच्या मापाने बनवलेले. त्यात चांगले कोणते आणि फसवे कोणते, हे ओळखायचं काम मी अंगावर घेतलं होतं.

मी नोकरीला होते एका सरकारी कारखान्यात, तपासणी खात्यात. आठ तास हातात व्हर्नियरची मापपट्टी घेऊन लोकांच्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. ती सवय घरीही यायची. रविवारी जुन्या गाड्यांचे मालक आमच्या ओट्यावर पुड्या घेऊन येत आणि मी न्यायाधीशासारखी बसे. रबराच्या काठावर साच्याची रेघ राहिली आहे का, आतल्या बाजूला उठावाचा नंबर आहे का, माप इंचात बसतं की कुणी मिलिमीटरवर भागवलंय, हे सगळं पाहून मी "डुप्लिकेट" म्हटलं की ती पुडी कचऱ्यात जायची. खरं सांगते, मला ते फार आवडायचं.

आणि जे. सी. रोडवर होते अण्णा. सगळेच त्यांना अण्णा म्हणत. आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या मराठी घरातले. गाड्यांच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान इतकं अरुंद की एका वेळी एकच गिऱ्हाईक आत मावायचं. अण्णा माप घ्यायचे नाहीत. जुना झिजलेला भाग बोटांत फिरवायचे, वास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि मागच्या फळीवरून बरोबर तोच डबा काढायचे. व्हर्नियरवाल्या बाईला असल्या माणसाचं काय वाटणार? मला ते थोतांड वाटायचं. त्यांचं कधी चुकायचं नाही, याचा तर जास्तच राग यायचा.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी पुढच्या चाकांचे ब्रेक गळायला लागले. अण्णांनी चार कपांचं किट काढून दिलं आणि स्वतःहून सांगितलं, "अक्का, हे मूळ कंपनीचं नव्हे. दुसऱ्यांनी केलेलं. नंबर नाही त्यावर. पण रबर खरं आहे, माझ्या जबाबदारीवर घाला." मी काठ पाहिला, माप घेतलं. एक इंच, सरळ. नंबर नव्हता म्हणून नाक मुरडलं, पण अप्पांनी पुडी खिशात टाकली.

आमच्याकडे सणाच्या तोंडावर आणलेली नवी वस्तू खंडेनवमीला पूजा झाल्याशिवाय वापरत नाहीत. गल्लीतले लोक आयुधपूजा म्हणतात, दिवस तोच. पाने-पकडी, हातोडे, आईचं शिलाई मशीन, गाडीचे नवे भाग, सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दसरा झाला की हात लावायचा. त्या दिवशी कारखान्यातही मशिनांची पूजा असे आणि तिथली तयारी माझ्याकडे असे, त्यामुळे घरची मांडामांड मी कधी पाहिलीच नव्हती. दसऱ्यानंतरच्या रविवारी अप्पांनी स्वतः चाकं उघडून किट बसवलं.

दोन आठवड्यांनी आम्ही तिघं येलहंक्याला मावशीकडे निघालो. अप्पा गाडी चालवत होते, आई त्यांच्या शेजारी, मी मागे. हेब्बाळच्या पुढे गाडी जड ओढायला लागली. एका बैलगाडीसाठी अप्पांनी ब्रेक मारला, पाय उचलला, पण ब्रेक सुटलाच नाही. उजवं चाक जाम झालं, गाडी आपोआप उजवीकडे वळली आणि मोरीच्या कठड्यावर आदळली. वेग फार नव्हता. पण आईने हात पुढे टेकला होता. मनगटाची दोन हाडं मोडली. तो हात पुढे कधी पूर्ण वळला नाही. कणीक मळताना ती कोपराने जोर द्यायची.

मी चाक उघडायला लावलं. आतले कप फुगून ढब्बू झाले होते, मऊ, चिकट. व्हर्नियर लावला तर इंचापेक्षा कितीतरी जास्त. हलकं रबर! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ते चारही कप रुमालात बांधले, अप्पांना बरोबर घेतलं आणि जे. सी. रोडवर गेले.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्याची माझी हिंमत नाही. दुकानात आम्ही दोघं मावत नव्हतो, म्हणून फुटपाथवर उभी राहून बोलले. लोकांच्या जिवाशी खेळता, म्हणाले. आईचा हात मोडला तो तुम्ही मोडलात, म्हणाले. शेजारच्या दुकानांतले लोक बाहेर आले, स्कूटरवाले थांबले. मला थांबता आलं असतं. थांबायचं नव्हतं.

अण्णांनी एक कप उचलला. बोटांत दाबला, नाकाशी नेला. "अक्का, स्वल्प ऐका. याला तेल लागलंय. ब्रेकचं नव्हे, दुसरं. मशीनचं असेल. त्यानं रबर फुगतं."

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी म्हणाले. "ब्रेकमध्ये मशीनचं तेल कोण घालणार? आम्ही?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. अप्पांकडे पाहिलं. अप्पा समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत होते.

पुढच्या रविवारपासून ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला मी ते फुगलेले कप दाखवले. अण्णांकडून काही घेऊ नका, असं बजावून सांगितलं. माझा शब्द चालायचा. तपासणी खात्यातल्या बाईचा शब्द! चार महिन्यांत जुन्या गाड्यांच्या लोकांनी अण्णांचं दुकान सोडलं. मला समाधान वाटलं, हेही लिहून ठेवते.

पुढच्या वर्षी कारखान्यातली पूजा दुसऱ्या कुणाकडे गेली आणि मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घरी होते. मागच्या अंगणात अप्पा परात घेऊन बसले होते. परातीत रॉकेल. त्यात पाने बुडवत, फडक्याने पुसत, आणि मग आईच्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन प्रत्येक वस्तूला बोटाने तेल चोळत. लोखंड चकाकत होतं. मग त्यांनी पाण्याचा नवा रबरी पाइप उचलला, रॉकेलमध्ये बुडवला आणि सवयीने त्यालाही तेल चोळायला लागले.

मी तिथंच उभी राहिले. "अप्पा, गेल्या वर्षी ब्रेकचं किटपण असंच?"

"सगळंच. धुळीनं भरलेलं देवापुढं ठेवतात काय?"

"दुकानात अण्णा म्हणाले तेव्हा कळलं होतं तुम्हाला?"

त्यांनी पाइप परातीत ठेवला. हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "तू एवढ्या जोरात बोलत होतीस. त्यात मी काय बोलणार?"

मी परात लाथेने उलटी केली. सात पिढ्यांचं वैर असल्यासारखी मी त्या दिवशी बापाशी भांडले. चारचौघांत एका म्हाताऱ्याचा पाणउतारा होत असताना तुम्ही मूग गिळून खांब बघत राहिलात, वर्षभर माझ्यासमोर बसून जेवलात, आईचा हात रोज पाहिलात! अप्पा म्हणाले, झालं ते झालं. आई आतून म्हणाली, सणाचं घर आहे, पुरे. तिला ठाऊक होतं का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या घरात मला राहता आलं नसतं.

अप्पांना म्हटलं, दसरा झाला की माझ्याबरोबर चला, अण्णांची माफी मागू. ते आले नाहीत. ज्याला घराण्याची लाज म्हणतात ती फक्त स्वतःपुरतीच असते, हे मला तेव्हा कळलं. मी एकटी गेले.

अण्णांचं दुकान तिथंच होतं. पण मागच्या फळ्यांवरचे डबे गेले होते. जागोजागी सीटकव्हरं टांगलेली, लाल, निळी, वाघाच्या पट्ट्यांची. अण्णा स्टुलावर बसून एका कव्हराचे बंद ओवत होते. मला पाहून उठले नाहीत, "या" मात्र म्हणाले.

मी आत शिरले, अगदी जवळ गेले आणि सगळं सांगितलं. पूजा, रॉकेल, मशीनचं तेल. चूक आमची होती, माल तुमचा चोख होता, मला क्षमा करा. वाकून नमस्कार केला.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "अप्पांना त्याच दिवशी समजलं होतं. होय ना?"

मी मान डोलावली.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "अक्का, एक काम करा माझं. तुम्ही त्या दिवशी बाहेर फुटपाथवर उभ्या राहून बोललात. आता हे जे बोललात, तेही तिथंच उभ्या राहून बोला. तेवढ्याच मोठ्यानं. समोरचे आहेत अजून, बाजूचेही आहेत. सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

मी बाहेर आले. फुटपाथवर उभी राहिले. समोरच्या दुकानातला माणूस ओळखून बघायला लागला. शेजारचा काउंटरवर कोपरं टेकून पुढे वाकला. स्कूटरचे हॉर्न वाजत होते, दुपारची गर्दी होती. मी तोंड उघडलं. "अण्णांचा माल," एवढं म्हणाले, आणि माझ्याच कानांना ते धड ऐकू आलं नाही. "काय मेडम?" समोरच्याने ओरडून विचारलं. मी मान हलवली, काही नाही म्हणून.

मागे वळून पाहिलं तर अण्णा दारात उभे होते. रागावलेले नव्हते. त्यांनी आत जाऊन वाघाच्या पट्ट्यांचं ते कव्हर पुन्हा मांडीवर घेतलं आणि बंद ओवायला लागले. मी रिक्षा केली आणि घरी आले.